काट्यांसकट लाव गं

लॉन काढायचं ठरवलंस ना, मग आता मागे फिरू नकोस. एन्सिनिटाससारख्या गावात, समुद्रापासून मैलभरावर, हिरवळीचा तो तुकडा जिवंत ठेवायला तू पाणी ओततेस ते कुठून येतं माहीत आहे ना? बरंचसं कोलोरॅडो नदीतून, शेकडो मैलांवरून. सॅन डिएगोत वर्षाला पाऊस पडतो जेमतेम २५० मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते मार्चमध्ये. मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावरून धुकं येतं, आकाश दुपारपर्यंत राखाडी राहतं, पण त्यातून थेंब काही पडत नाही. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या अखेरीला येऊन सगळ्यांना तारतो. इथे गरम महिने आणि कोरडे महिने एकच. बाग करताना हे आधी डोक्यात पक्कं बसव, बाकीचं सोपं आहे.

त्या रिकाम्या झालेल्या उतारावर काय लावू, असं तू विचारलंस. मी सांगते ते ऐकून नाक मुरडशील, तरी सांगते. फड्या निवडुंग लाव. आणि कुठलाही नाही, इथलाच. ऑपन्शिया लिटोरालिस. दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारा आणि खाली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग, एवढंच त्याचं घर. समोरच्या चॅनल बेटांवरही आहे. टॉरी पाइन्सच्या कड्यांवर तू मुलांना घेऊन फिरायला जातेस तेव्हा पायवाटेच्या कडेला गुडघ्या-कमरेएवढी पसरलेली ती जाळी पाहिली असशील. तोच तो.

माहेरच्या आठवणीने तुला हा निवडुंग ओसाड गावकुसाचा, दुर्लक्षाचा वाटतो, हे मला कळतं. पण तिकडे तो खरोखर परका आहे. फड्या निवडुंगाच्या सगळ्या जाती मुळात अमेरिका खंडातल्या. आपल्याकडचे वईचे जुने निवडुंग, त्रिधारी निवडुंग, ते वेगळ्याच कुळातले. पान मोडलं की पांढरा चीक येतो ते. फड्या बाहेरून आला, कुंपणाला लावला गेला आणि पुढे माळरानंच्या माळरानं त्याने गिळली. दुष्काळात काटे जाळून त्याचे फडे गुरांना घातले गेले एवढा काय तो उपयोग. तिकडे त्याला उपटणं बरोबर होतं. इथे मात्र तो या जमिनीचा मूळचा आहे. इथे उपरी ती हिरवळ.

आता नर्सरीत गेलीस की काय होईल ते आधीच सांगते. तुला एक मोठ्ठा, गुळगुळीत, निळसर हिरवा, काटे नसलेला फड्या दाखवतील. मुलं आहेत ना घरात, मग हाच घ्या म्हणतील. तो घेऊ नकोस. तो मेक्सिकोचा. १७६९ साली सॅन डिएगोत पहिलं मिशन उभं राहिलं आणि त्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांबरोबर हा निवडुंग इथे आला. म्हणून त्याला मिशन कॅक्टस म्हणतात. फळं त्याची मोठी आणि गोड, यात वाद नाही. पण तो चांगला दहा-पंधरा फूट उंच झाडासारखा वाढतो आणि जवळपासच्या इथल्या निवडुंगांशी त्याचा संकरही होतो. तुझं परसदार थेट कॅन्यनच्या रानाला लागून आहे. तिथे परक्याची भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

बिनकाट्याचा निवडुंग हे एका माणसाचं मोठं स्वप्न होतं बरं का. ल्यूथर बर्बँक. उत्तर कॅलिफोर्नियात सांता रोझाला त्याची बाग होती. १९०७च्या सुमारास त्याने बिनकाट्याच्या निवडुंगांची यादी काढली आणि लोक अक्षरशः वेडे झाले. वाळवंटात गुरांना फुकटचा चारा मिळणार म्हणून लोकांनी त्यात पैसे घातले. पुढे लक्षात आलं की काटे नसलेल्या झाडाला ससे नि गुरं उभं राहू देत नाहीत, त्याला कुंपण लागतं, पाणी लागतं, निगा लागते. तुझ्या घराजवळच परमहंस योगानंदांचा आश्रम आहे, तिथल्या बागेत तू जातेस. त्यांनी ‘योगी कथामृत’ ज्याला अर्पण केलंय तो हाच बर्बँक. निवडुंगाशी आपण प्रेमाने बोलत होतो, तुला काट्यांची गरज नाही असं त्याला समजावत होतो, ही बर्बँकची हकिगत त्या पुस्तकात आहे. वाचायला फार गोड वाटतं ते. पण मी तुला उलटं सांगणार आहे. तुझ्या उतारावर काट्यांचंच काम आहे.

कुणासाठी, ते ऐक. कॅक्टस रेन नावाचा एक पक्षी आहे. तपकिरी, अंगावर ठिपके, भुवईवर पांढरी रेघ. आवाज खरखरीत आणि एकसुरी, गोड म्हणता येणार नाही असा. वाळवंटात तो पुष्कळ आहे, ॲरिझोनाचा तर तो राज्यपक्षीच. पण इथल्या किनारपट्टीवरची त्याची वस्ती वेगळी आणि फार थोडी उरलेली. तो घरटं बांधतो ते फड्या निवडुंगात नाहीतर चोया नावाच्या दुसऱ्या काटेरी निवडुंगात. गवताकाड्यांचा लांबट गोळा, आत जायला बाजूने बोगदा आणि चहूबाजूंनी काटे. साप, मांजर, कावळा यांना सहज पोचता येत नाही. त्यासाठी निवडुंग साधारण तीन फुटांच्या वर असावा लागतो, आणि तेवढा व्हायला त्याला वर्षं लागतात. किनाऱ्यावरच्या टेकड्या घरांसाठी सपाट झाल्या, उरल्यासुरल्या वणव्यात गेल्या. २००७च्या विच वणव्यात सॅन पास्क्वाल खोऱ्यातल्या जुन्या जाळ्या जळाल्या. त्यानंतर सॅन डिएगो झूच्या लोकांनी निवडुंग वाढवून तिथे पुन्हा लावायला घेतले, या एका पक्ष्यासाठी. बिनकाट्याचा लावून हे झालं असतं का, सांग.

तुझ्या अंगणात तो उद्याच येईल असं मी म्हणत नाही. हा पक्षी लांब जात नाही, आपल्या जाळीच्या आसपासच आयुष्य काढतो. पण तुझ्या मागचं कॅन्यन मोकळं आहे, आणि अशा तुकड्या-तुकड्यांनीच त्याला वाट मिळते. तो नाही आला तरी लावे येतील, सरडे येतील, हमिंगबर्ड काट्यावर बसून विसावा घेतील. काट्यांच्या बुडाशी काटक्या गोळा करून रानउंदीर आपला वाडा बांधेल. त्याला हाकलू नकोस, तो घरात शिरणाऱ्या उंदरांतला नव्हे.

आता लावायचं कसं ते सांगते.

फडा रानातून तोडून आणायचा नाही. टॉरी पाइन्स असो की कॅब्रिओचं राष्ट्रीय स्मारक, तिथून काडीही उचलणं गुन्हा आहे, आणि नसता तरी उचलू नये. इथली मूळ झाडं विकणाऱ्या खास नर्सऱ्या आहेत. लॉस एंजेलिसच्या सन व्हॅलीत थिओडोर पेन फाउंडेशन आहे, ते १९६०पासून हेच काम करतंय. कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या झाडविक्रीलाही चांगली रोपं मिळतात. विचारताना पूर्ण नाव सांग, नुसतं ‘प्रिकली पेअर’ म्हणालीस तर भलतंच हातात ठेवतील. लिटोरालिसचे फडे लांबट असतात. त्याचाच किनाऱ्यावरचा भाऊ आहे ऑपन्शिया ओरिकोला, त्याचे फडे गोल आणि काटे पिवळे, वळलेले. तो अंगाने उंच होतो. जागा आहे तर दोन्ही लाव. उंचीचा पक्ष्याला उपयोग होईल.

कुणा बागवाल्या शेजारणीने आपल्या बागेतला फडा दिला तर फारच छान. मागच्या वर्षीचा, पूर्ण वाढलेला फडा घ्यायचा, अगदी कोवळा नको. पोळीचा लांब चिमटा घे, फडा त्यात धर आणि दुसऱ्या हाताने सांध्यावर सुरी चालव. मधेच कापू नकोस, सांध्यावर जखम लहान होते. कातड्याच्या हातमोज्यांवर विसंबू नकोस. मोठे काटे दिसतात, त्यांची भीती नाही. फड्याच्या प्रत्येक डोळ्यात बारीक कुसळांचा जो पुंजका असतो, तो खरा त्रास देतो. ती कुसळं हातमोज्यात शिरून बसतात आणि पुढच्या वेळी घालशील तेव्हा बोटांत घुसतात. म्हणून चिमटा, आणि डोळ्यांना चष्मा. कुसळं लागलीच तर चोळायचं मुळीच नाही. दिसतील तेवढी बारीक चिमट्याने काढायची, मग त्यावर पांढरा गोंद लावून वर जाळीचं कापड ठेवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि कापड सोलून काढायचं. उरलेली बहुतेक त्याबरोबर निघून येतात.

तोडलेला फडा लगेच मातीत घालायचा नाही. सावलीत, वाऱ्यावर, दहा-पंधरा दिवस तसाच ठेव. कापलेली जागा सुकून कडक झाली पाहिजे. ओल्या जखमेने मातीत गेला की कुजतो. लावायची उत्तम वेळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. जमीन उन्हाने तापलेली असते, मुळं झटकन सुटतात आणि मग नोव्हेंबरचा पाऊस त्यांना मिळतो. नवरात्रात लाव आणि दिवाळीपर्यंत त्याच्याकडे बघू नकोस, असंच धर.

जागेचं मात्र नीट बघ. तुझ्याकडची माती चिकण आहे, पाणी धरते. खड्डा करून त्यात वाळू भरलीस तर तो वाडगाच होईल, पावसाचं पाणी आत साचेल. त्यापेक्षा जमिनीच्या वर फूटभर उंचीचा मातीचा उंचवटा कर, त्यात जाडी वाळू आणि बारीक खडी मिसळ, आणि त्यावर लाव. उतार आहे तो चांगलाच, निचरा होतो. फडा एक-तृतीयांश मातीत जाईल इतकाच रोव आणि दोन दगडांचा आधार दे. त्याच्या रुंद बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला कर. म्हणजे सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन रुंद अंगावर पडतं आणि दुपारचं कडक ऊन पातळ कडेवर येतं, कोवळं अंग भाजत नाही. खत घालू नकोस. शेणखत नाही, कंपोस्ट नाही, काही नाही. या झाडाला भुकेली जमीनच मानवते. खतावर वाढलेले फडे लुसलुशीत होतात आणि आपल्याच वजनाने मोडतात.

वाटेपासून पाच-सहा फूट आत लाव. आज तळहाताएवढा आहे म्हणून वाटेला चिकटून लावलास तर काही वर्षांनी वाट त्याची होईल. तो आडवा पसरतो. खालचे फडे जमिनीला टेकतात, तिथे मुळं धरतात आणि पुढे सरकतात. आठ-दहा फुटांची ऐसपैस जागा आत्ताच सोडून ठेव. आणि लावण्याआधी गवताचं मूळ न मूळ काढ गं. एकदा निवडुंग वाढला की त्याच्या मधून गवत उपटणं म्हणजे शिक्षा. जमलं तर गवताला पहिल्या पावसाने एकदा उगवू दे, ते उपट, आणि मग पुढच्या वर्षी निवडुंग लाव. वर्ष गेलं तरी चालेल. पहिली एक-दोन वर्षं भोवती तारेची जाळी लाव, ससे कोवळे फडे कुरतडतात.

पाण्याबद्दल तुला सगळ्यात जास्त सांगायला हवं, कारण तुझा हात पाण्याला फार ढिला. लावल्यावर दोन-तीन आठवडे थेंबही नाही. नंतर पाऊस लांबला तर महिन्यातून एकदा जमीन खोलवर भिजेल असं घाल. पहिल्या उन्हाळ्यात फडे पातळ होऊन सुरकुतले तर एकदा द्यायला हरकत नाही. दुसऱ्या वर्षापासून नळी बंद. बाजूच्या फुलझाडांचं ठिबक त्याच्यापर्यंत येणार नाही याची काळजी घे. गरम, ओल्या मातीतच बुडाशी काळी मऊ कूज लागते. लागली तर वरचा निरोगी फडा कापून घे, वाळव आणि दुसरीकडे लाव, झाड गेलं म्हणून बसू नकोस. सुरकुत्या बघून जीव कळवळतो, हे मला माहीत आहे. पण हे झाड आपली रंध्रं दिवसा मिटून ठेवतं आणि रात्रीच्या गारव्यात उघडतं, हवा आत घेऊन ठेवतं आणि दिवसा उन्हावर तिचं अन्न करतं. म्हणून त्याचं पाणी उन्हात उडून जात नाही. सुरकुतणं हे त्याचं नेहमीचंच आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येतील तेव्हा बघ, पावसाने तेच फडे टम्म फुगलेले असतील.

मार्चअखेर मात्र रोज सकाळी बाहेर जाऊन बस. फड्यांच्या कडेवर बारीक हिरवे कोंब येतात. त्यांच्या प्रत्येक डोळ्यापाशी एक छोटं, टोकदार, मांसल पान असतं. निवडुंगाला पानं नसतात असं आपण म्हणतो, पण ही त्याची खरी पानं, काही आठवड्यांत गळून जातात. चपटा पातळ कोंब असला तर तो नवा फडा होणार, जाड आणि गोलसर असला तर कळी. एप्रिल-मेमध्ये फुलं येतात, पिवळी, रेशमी, मावळताना नारिंगीकडे झुकणारी. एक फूल एखाद-दोन दिवसांचंच. फूल उघडलं की काडीने आतल्या केसरांना हलकेच स्पर्श कर. केसर हळूहळू आत वळतात, डोळ्यांदेखत. मधमाशी आत शिरली की असंच होतं, आणि ती परागात माखून निघते. निवडुंगाच्याच परागावर जगणाऱ्या इथल्या रानमाश्या आहेत, एकेकट्या राहणाऱ्या, जमिनीत बीळ करणाऱ्या. म्हणून सगळीकडे खडी आणि लाकडाचा भुसा पसरू नकोस. थोडी जमीन उघडी राहू दे. मुलांना हे केसरांचं दाखव. एकदा बघितलं की झाडाजवळ जपून कसं जायचं हे त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

कधीतरी फड्यांवर पांढरा कापूस लागलेला दिसेल. बुरशी समजून औषध फवारू नकोस. काडीने चिरड, आतून लालभडक रंग येईल. ते कोचिनीलचे किडे. थोडे असतील तर असू देत, फार झाले तर नळीच्या जोरदार धारेने धुऊन टाक. या किड्याचा रंग जगाला वेड लावणारा होता. ईस्ट इंडिया कंपनीला तो हिंदुस्थानात पिकवायचा होता, म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले गेले. निघाली दुसरीच जात, रंगाला हलकी. रंगाचा धंदा काही जमला नाही, पण त्या किड्यांनी तिथला एका जातीचा निवडुंग खाऊन साफ केला. पुढे १९२६ साली श्रीलंकेतून आणखी एक जात मुद्दाम आणली गेली ती दक्षिणेतला फड्या हटवण्यासाठीच. परक्या मुलखात झाड नेलं की त्याच्यामागून काय काय न्यावं लागतं, बघ.

खायचंही सांगते, कारण तुला ते आवडेल. वसंतातले कोवळे फडे, म्हणजे नोपालेस, मेक्सिकन दुकानात सोललेले मिळतात, ते बहुतेक मिशन निवडुंगाचे. आधी त्यांवर हात बसव. भेंडीसारखेच बुळबुळीत असतात आणि इलाजही तोच. कोरडे पुसून, पातळ चिरून, मोठ्या आचेवर झाकण न ठेवता परतायचे आणि आंबट घालायचं. मोहरी, हिंग, लसूण, शेवटी आमसूल. आपल्या उतारावरच्या लिटोरालिसचे फडे पहिली चार-पाच वर्षं अजिबात तोडू नकोस, त्याला वाढू दे. शरद ऋतूत गर्द जांभळी-लाल बोंडं पिकतील. चिमट्यात धरून गॅसवर फिरवायची, कुसळं जळून जातात, मग साल काढायची. बिया पुष्कळ, पण रस गोड आहे. गाळून सरबत कर. इथले मूळचे कुमेयाय लोक ही फळं इथे मिशनच्या कितीतरी आधीपासून खात आलेत. निम्मी झाडावरच ठेव, पक्ष्यांना नि कोल्ह्यांना.

तुमच्या एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचं, पत्र आलं तर घाबरून उपटू नकोस. कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांना बंदी घालणारा नियम कॅलिफोर्नियाच्या कायद्यापुढे टिकत नाही. मांडणी, देखभाल यांविषयी ते नियम करू शकतात, तर तेवढे पाळ. कडेला दगडांची नीट ओळ लाव, फुटपाथकडे वाढणारे फडे वेळच्या वेळी काढ. काढलेले फडे हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी जाड कागदात गुंडाळ, उचलणाऱ्याचे हात आहेत ते.

आणि शेवटचं. आई परवा म्हणाली, त्याचा एखादा फडा येताना रत्नागिरीला घेऊन ये, कुंपणाला लावू. मी नाही म्हटलंय, तूही नाहीच म्हण. विमानतळावर अडवतील म्हणून नव्हे. तिच्या कुंपणाला करवंद लाव म्हणावं, कोकणातलंच आहे, काटे आहेत आणि वैशाखात खायलाही मिळतात. तुझ्यासाठी मी दोन फडे सावलीत वाळत ठेवलेत, एक लिटोरालिसचा आणि एक ओरिकोलाचा. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ये. गाडीत पुठ्ठ्याचं खोकं आण, प्लास्टिकची पिशवी नको.